निर्वाताचा दाब आणि पवईचे संवेदक

2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपर स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये, 13 मार्च 2003 रोजी मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या लोकलच्या डब्यात, आणि 11 जुलै 2006 च्या सायंकाळी अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत जे बॉम्बस्फोट झाले, त्यांनी उपनगरांतील माणसाच्या नित्याच्या प्रवासाला भयाची जी किनार लावली ती इतक्या वर्षांनंतरही पुरती पुसली गेलेली नाही. जोगेश्वरी आणि बोरिवली ही नावे त्या सायंकाळच्या यादीत आहेत. त्यानंतर स्थानकांच्या दारांत धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या आणि बंदोबस्त वाढला. परंतु गर्दीच्या वेळी अंधेरीच्या पुलावरून उतरणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून पाहणे कोणत्याही बंदोबस्ताच्या आवाक्यातले नाही, आणि धातूची चौकट धातू ओळखते, स्फोटक द्रव्य ओळखत नाही. स्फोटकाचे जे अत्यल्प अंश हाताला, कापडाला, पिशवीच्या चेनीला चिकटून राहतात त्यांचा माग काढणारे स्वस्त आणि सुटसुटीत साधन आपल्याच देशात तयार व्हावे, ही खटपट घाटकोपर व मुलुंड यांच्यापासून थोड्याच मैलांवर असलेल्या पवईच्या आयआयटीत वर्षानुवर्षे चालली, ही गोष्ट उपनगरांतील वाचकाने अभिमानाने ध्यानी धरावी अशी आहे.

2006 सालीच केंद्र सरकारच्या अर्थसाह्याने पवईस आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची दोन उत्कृष्टता केंद्रे उभी राहिली. पवईच्या केंद्रात प्राध्यापक रामगोपाल राव आणि त्यांचे सहकारी यांनी एसयू-8 नावाच्या बहुवारिकापासून अतिसूक्ष्म कॅन्टिलिव्हर, म्हणजे एका टोकाला घट्ट रोवलेल्या व दुसऱ्या टोकाला मोकळ्या असलेल्या तुळया, घडविण्याचे काम चिकाटीने केले. 2013 साली राव यांना अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. याच परंपरेतून संस्थेच्या आश्रयाने वाढलेल्या नॅनोस्निफ या कंपनीने सूक्ष्म संवेदकावर चालणारा स्फोटकशोधक सिद्ध केला, आणि 9 एप्रिल 2021 रोजी तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. दहा सेकंदांच्या आत स्फोटकाचा लेश ओळखता येतो असे त्याविषयी जाहीर करण्यात आले. अशा साधनाचा प्राण असलेली वस्तू केसाच्या जाडीशी तोलावी इतकी लहान असते, आणि तिच्यावर ज्या बळांचा अंमल चालतो ती आपल्या नित्य व्यवहारातील बळांहून निराळी असतात. त्या बळांकडे आपल्या राज्यकर्त्यांनी, उद्योजकांनी आणि विद्यापीठांनी जेवढे लक्ष द्यावयास हवे तेवढे ते देत नाहीत, आणि त्यासाठी पैशाची वेगळी तजवीज झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम या तुळईकडे जवळून पाहू. तिची लांबी काही शे मायक्रॉन आणि जाडी मायक्रॉनभर किंवा थोडी अधिक. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्या एका अंगावर अशा रेणूंचा थर दिलेला असतो की जे हवेतून येणाऱ्या विशिष्ट द्रव्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हे पाहुणे रेणू येऊन बसले की त्या अंगाचा पृष्ठताण बदलतो, दुसऱ्या अंगाचा बदलत नाही, आणि त्या विषमतेमुळे तुळई काही नॅनोमीटर वाकते; हे वाकणे तिच्यातच बसविलेल्या विद्युत्‌रोधाच्या बदलावरून मोजले जाते. मायक्रॉनचा हजारावा भाग तो नॅनोमीटर, हे सांगितले म्हणजे या मोजणीची नजाकत कळून येईल. तुळईची सारी गुणवत्ता तिच्या पृष्ठभागाच्या संवेदनशीलतेत आहे. परंतु जो पृष्ठभाग एका परक्या रेणूची दखल घेतो, तो शेजारच्या भिंतीची, हवेतल्या बाष्पाची आणि तळाच्या सिलिकॉनचीही दखल घेतल्यावाचून राहत नाही. या साधनांच्या स्थैर्याचा सगळा प्रश्न येथूनच निर्माण होतो.

आकार लहान करीत गेल्यावर निसर्गाचे नियम बदलत नाहीत, पण त्यांचे परस्परांतील वर्चस्व बदलते. एक सेंटिमीटर बाजूचा घन हजारपट लहान करून दहा मायक्रॉनचा केला, तर त्याचे वजन शंभर कोटी पटींनी घटते आणि पृष्ठभाग मात्र दहा लाख पटींनीच घटतो. म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठभागाचा अधिकार हजारपट वाढतो. रिचर्ड फाइनमन यांनी 29 डिसेंबर 1959 रोजी कॅलिफोर्नियात जे व्याख्यान दिले आणि ज्यातून सूक्ष्म यंत्रांच्या कल्पनेला चालना मिळाली असे मानले जाते, त्यातच त्यांनी ही अडचण सांगून ठेवली होती: इतक्या लहान जगात बोल्टावरून नट सोडविला तरी तो खाली पडणार नाही, कारण गुरुत्वाकर्षण तेथे नगण्य, आणि रेणूंचे परस्पर आकर्षण मात्र त्याला धरून ठेवण्यास समर्थ. त्या इशाऱ्याचा खरा अनुभव पुढे तीस-चाळीस वर्षांनी, जगभरच्या प्रयोगशाळांत सूक्ष्म तुळया तळाला चिकटून निकामी होऊ लागल्या तेव्हा, अभियंत्यांना आला. धंद्यात या चिकटण्याला ‘स्टिक्शन’ म्हणतात, आणि ज्याने क्लीन रूममध्ये काही काळ काम केले आहे त्याला हा शब्द ऐकताच वाया गेलेले वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या चकत्या, आठवतात.

या चिकटण्याचा सर्वांत परिचित अपराधी पाणी आहे. तुळई घडविताना तिच्याखाली एक तात्पुरता थर असतो. तो रसायनाने विरघळवून टाकला म्हणजे तुळई अधांतरी मोकळी होते, आणि मग तिला धुऊन वाळवावे लागते. वाळताना तुळई आणि तळ यांच्यामधील पाण्याचा पापुद्रा आक्रसत जातो व केशाकर्षणाने तिला खाली ओढतो. ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्यावर त्या सोडविताना जो जोर लावावा लागतो तोच प्रकार, फक्त येथे सोडविणारा हात नसतो. म्हणून प्रयोगशाळांत पाणी थेट वाळवीत नाहीत. ते द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने बदलून, त्याचा दाब व तपमान अशा बिंदूपलीकडे नेतात की द्रव आणि वायू यांतील सीमारेषाच उरत नाही, आणि मग तो वायूच्या रूपाने निघून जातो. सीमारेषा नाही म्हणून पृष्ठताण नाही, आणि पृष्ठताण नाही म्हणून ओढ नाही. फार सुंदर युक्ती आहे ही.

तथापि कारखान्यातून कोरडी निघालेली तुळई मुंबईच्या हवेत कोरडी राहील याची शाश्वती कोणी द्यावी? सांताक्रूझच्या वेधशाळेच्या नोंदी पाहणाऱ्यास ठाऊकच आहे की जुलै-ऑगस्टमध्ये उपनगरांतील सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत जेथे दोन पृष्ठभाग काही नॅनोमीटरच्या अंतरावर येतात तेथे बाष्प आपोआप द्रवरूप होऊन बसते; लॉर्ड केल्विन यांच्या सूत्राने हिशेब केला तर ऐंशी टक्के आर्द्रतेला या द्रवाच्या वक्रतेची त्रिज्या अडीच नॅनोमीटरच्या आसपास येते आणि नव्वद टक्क्यांना पाच नॅनोमीटरच्या. फोनमधील संवेदकांचा चलभाग हवाबंद डबीत कोंडता येतो. स्फोटक हुंगणाऱ्या संवेदकाला हवेशी संबंध ठेवल्यावाचून गत्यंतर नाही, कारण हवेतूनच त्याला वार्ता मिळावयाची असते. त्यामुळे त्याचा प्रश्न अधिक बिकट आहे.

समजा, पाणी नाही, हवाही नाही, धूळ नाही, विद्युत्‌भारही नाही. दोन स्वच्छ धातूच्या पट्टिका निर्वात पोकळीत समोरासमोर धरलेल्या आहेत. मग तरी त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील, अशी आपली सहजबुद्धी सांगते. 1948 साली हेंड्रिक कासिमिर या डच भौतिकशास्त्रज्ञाने सिद्ध करून दाखविले की तसे नाही. ते आयिंधोव्हेन येथील फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते, आणि मूळ प्रश्न अगदी व्यावहारिक होता: द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण एकमेकांना जितके ओढावयास हवेत त्यापेक्षा दूरच्या अंतरावर कमी का ओढतात, असे त्यांचे सहकारी ओव्हरबेक यांनी विचारले होते. उत्तर शोधता शोधता कासिमिर यांना असे आढळले की पुंजयामिकीनुसार निर्वात पोकळीही पूर्णतः निश्चल नसते. विद्युत्‌चुंबकीय क्षेत्राची किमान स्पंदने तेथे सदैव चालू असतात, आणि दोन धातूंच्या पट्टिका त्यांतील काही स्पंदनांना मधल्या जागेत मज्जाव करतात. आतील आणि बाहेरील ऊर्जेच्या या फरकातून पट्टिकांना परस्परांकडे ढकलणारे बळ उत्पन्न होते. नील्स बोर यांच्याशी झालेल्या संभाषणातून शून्यबिंदू ऊर्जेचा हा धागा आपल्याला सापडला, असे कासिमिर यांनी पुढे नमूद केले आहे. फिलिप्सच्या धंद्यातील एका साध्या अडचणीतून विश्वाच्या पोकळीविषयीचे हे सत्य हाती आले, ही गोष्ट उद्योगांच्या चालकांनी वारंवार आठवावी अशी आहे.

या बळाचे प्रमाण ऐकले म्हणजे ते दुर्लक्षणीय का होते आणि आता का उरले नाही, हे समजेल. पट्टिकांमधील अंतर एक मायक्रॉन असेल तर आदर्श धातू धरून हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे आठ कोटीव्या हिश्श्याइतका भरतो. म्हणजे नाहीच म्हणा ना. परंतु अंतर निम्मे केले की दाब सोळापट होतो, आणि दहावा हिस्सा केले की दहा हजारपट. शंभर नॅनोमीटरवर तो तेरा पास्कल होतो; दहा नॅनोमीटरवर तो, निदान कागदावरच्या आदर्श धातूसाठी, वातावरणाच्या दाबालाही मागे टाकतो. प्रत्यक्षात सोने, चांदी, सिलिकॉन यांचे पृष्ठभाग आदर्श नसतात आणि दाब त्या मानाने कमी भरतो. शंभर नॅनोमीटरवर सोन्यासाठी तो निम्म्याच्या आसपास येतो. तरीही हिशेब करून पाहावा: अर्धा मिलिमीटर चौरस आणि साडेतीन मायक्रॉन जाडीची सिलिकॉनची पट्टिका घेतली, तर तिचे वजन दोन मायक्रोग्रॅमच्या घरात भरेल, आणि शंभर नॅनोमीटरवर तिच्यासमोर तेवढीच सपाट पट्टिका आणली तर हे निर्वाताचे बळ तिच्या वजनाच्या आदर्श हिशेबाने दीडशेपटींहून अधिक आणि खऱ्या पृष्ठभागाच्या हिशेबाने कित्येक दहापट असेल.

हे बळ मोजणे मात्र अतिशय दुर्घट ठरले. 1958 साली स्पार्नाय यांनी केलेल्या मोजणीतील अनिश्चितता खुद्द मोजावयाच्या बळाएवढीच होती. 1997 साली स्टीव्ह लॅमोरो यांनी पीळ देणाऱ्या दोलकाच्या साहाय्याने ते सुमारे पाच टक्क्यांच्या अचूकतेने मोजले. आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक वापरून एक टक्क्यापर्यंत मजल मारली. अनुश्री रॉय यांनी नंतर खरगपूरच्या आयआयटीत अध्यापन-संशोधन केले. निर्वाताचे बळ इतक्या काटेकोरपणे मोजणाऱ्या पहिल्या दोघांत आपल्या देशाच्या एका स्त्री-वैज्ञानिकाचे नाव आहे, आणि आपल्या शालेय पुस्तकांत त्याचा उल्लेख असावयास हवा, असे मला प्रांजळपणे वाटते.

आता स्थैर्याचा मुख्य मुद्दा. एक पट्टिका स्थिर आहे आणि दुसरी स्प्रिंगवर टांगलेली आहे असे कल्पावे. टांगलेली पट्टिका स्थिर पट्टिकेकडे सरकू लागली की स्प्रिंग तिला परत ओढते, आणि हे परत ओढणारे बळ सरकण्याच्या समप्रमाणात, संथपणे, वाढत जाते. उलट निर्वाताचे बळ उरलेल्या अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ते आरंभी दुर्बळ असले तरी जवळ येताच बेभान होते. या दोहोंचा समतोल कोठवर टिकेल? हिशेब सोपा आहे आणि बारावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल: मूळ अंतराचा पाचवा हिस्सा सरकेपर्यंत समतोल शक्य असतो, त्यापुढे कोणतीही स्प्रिंग पट्टिकेला सावरू शकत नाही आणि ती झेप घेऊन समोरच्या पट्टिकेला जाऊन भिडते. शंभर नॅनोमीटरच्या फटीत ही लक्ष्मणरेषा वीस नॅनोमीटरवर आहे. विजेच्या दाबाने चालणाऱ्या पट्टिकांमध्येही असेच घडते. तेथे बळ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते म्हणून मर्यादा तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि अभियंते तिला ‘पुल-इन’ या नावाने पूर्वीपासून ओळखतात. परंतु विजेचा दाब बटण दाबून बंद करता येतो. निर्वाताचा दाब बंद करण्याचे बटण नाही. फट जर इतकी अरुंद आणि स्प्रिंग जर इतकी मऊ ठरली की समतोलाचा बिंदूच उरला नाही, तर ते यंत्र एकही व्होल्ट न देता, घडविल्या घडविल्याच, मिटून जाते; आणि एकदा पृष्ठभाग भिडले की मग रेणूंचे आकर्षण, आणि दमट हवा असेल तर पाण्याचा पापुद्रा, त्यांना सुटू देत नाही. ओढून आणणारे बळ एक आणि धरून ठेवणारी बळे दुसरी, हा भेद ज्याने नीट समजून घेतला नाही त्याला चुकीच्या ठिकाणी उपाय करीत बसावे लागते.

हे सारे कागदावरचे तर्क नव्हेत, हे 2001 साली बेल प्रयोगशाळेतील चॅन, अक्स्युक, क्लाइमन, बिशप आणि कापासो या पाच संशोधकांनी दाखवून दिले. त्यांनी वर सांगितलेल्या मापाची सिलिकॉनची पट्टिका बारीक दांड्यांवर तोलून धरली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला, शंभर मायक्रॉन त्रिज्येचा एक गोल वरून हळूहळू जवळ आणला. (दोन सपाट पट्टिका तंतोतंत समांतर ठेवणे जवळजवळ अशक्य असल्याने गोलाची योजना करावी लागते.) गोल जवळ येताच पट्टिका कलली, आणि ते कलणे कासिमिर यांच्या बळाच्या भाकिताशी जुळले. सूक्ष्म यंत्राचा एक भाग निर्वाताच्या बळाने हलविला गेल्याचे इतके स्पष्ट प्रात्यक्षिक त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. त्याच गटाने पुढे हेही दाखविले की या बळामुळे दोलकाची वारंवारता बदलते आणि त्याची गती सरळरेषीय राहत नाही. म्हणजे यंत्र चिकटले नाही तरी त्याचे मापन बिघडू शकते, आणि संवेदकाच्या बाबतीत चुकीचे मापन हे बंद पडण्याहून अधिक घातक असते.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आज बाजारात असलेल्या बहुतेक सूक्ष्म यंत्रांमधील फटी एक-दोन मायक्रॉनच्या असतात, आणि त्यांच्या बिघाडाचा दोष कासिमिर यांच्या बळाला देणे अन्यायाचे होईल. तेथे पाणी, विद्युत्‌भार आणि पृष्ठभाग भिडल्यानंतरचे रेणूंचे आकर्षण हेच प्रमुख गुन्हेगार आहेत. दोन धातूंच्या पृष्ठभागांवर जे किरकोळ विभवांतर आपोआप राहून जाते तेदेखील लहान नसते: एक मायक्रॉनच्या फटीत अवघे सतरा मिलिव्होल्ट एवढे विभवांतर निर्वाताच्या बळाची बरोबरी करते, शंभर नॅनोमीटरच्या फटीत मात्र त्यासाठी सुमारे एक षष्ठांश व्होल्ट लागतो. फट अरुंद होत जाते तसतसा निर्वाताचा हक्क वाढतो, हेच या आकड्यांचे तात्पर्य. आणि फटी अरुंद होत चालल्या आहेत याविषयी दुमत नाही. बंद स्थितीत गळती-प्रवाह जवळजवळ शून्य असावा म्हणून ट्रान्झिस्टरच्या जागी यांत्रिक स्विच वापरण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांत कमी व्होल्टवर काम व्हावे यासाठी फट काही दशक नॅनोमीटरपर्यंत आणावी लागते. मुंबईतच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने ग्राफीनची, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनची, अधांतरी ताणलेली स्पंदकपटले तयार करून त्यांचे गुणधर्म अभ्यासले आहेत. देशमुख यांना 2015 साली भटनागर पुरस्कार मिळाला. ज्या पटलाला जाडीच नाही म्हटले तरी चालेल, त्याला पृष्ठभागावाचून दुसरे काय असणार?

या बळाला उलटे फिरविता आले तर, म्हणजे ओढण्याऐवजी ते ढकलू लागले तर, प्रश्न सुटेल, अशी आशा अनेकांनी बाळगली आणि ती अगदीच फोल नाही. 2009 साली मंडे, कापासो आणि पार्सेजियन यांनी ब्रोमोबेंझीन या द्रवात सोने आणि सिलिका परस्परांना दूर ढकलतात हे मोजून दाखविले, आणि 2019 साली बर्कलीच्या संशोधकांनी इथेनॉलमध्ये सोन्याची चकती टेफ्लॉनचा लेप दिलेल्या सोन्याच्या पृष्ठभागावर स्पर्शावाचून स्थिर तरंगत ठेवली. परंतु निर्वात पोकळीत नेहमीच्या धातूंच्या वा विद्युत्‌रोधकांच्या वस्तूंना केवळ या बळाच्या आधारे स्थिर समतोल मिळणार नाही, असे रही, कार्दार व एमिग यांनी 2010 साली गणिताने सिद्ध केले आहे. म्हणून कोरड्या यंत्रात आधार राहतो तो स्प्रिंगच्या ताठपणाचा, पृष्ठभागाच्या खडबडीचा, लेपाचा, आणि ही सर्व मापे आधीच ठाऊक असण्याचा.

आणि मोजमापासाठी लागणारा धीर किती फळतो, याचे उदाहरण अंधेरी किंवा मुलुंडच्या मल्टिप्लेक्समध्ये बसलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून जाणाऱ्या प्रकाशातच आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 साली जे सूक्ष्म आरशांचे पटल निर्मिले, ज्याच्या आधारे आज अनेक चित्रपटगृहांतील डिजिटल प्रोजेक्टर चालतात, त्यात सुमारे सोळा मायक्रॉनचे लक्षावधी आरसे दर सेकंदाला हजारो वेळा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कलतात आणि प्रत्येक वेळी तळाला टेकून पुन्हा सुटतात. ते सुटावेत म्हणून टेकणाऱ्या कोपऱ्यांना बारीक स्प्रिंगा बसविण्यात आल्या, पृष्ठभागावर फ्लुओरिनयुक्त द्रव्याचा रेणवीय लेप देण्यात आला, आणि डबीतील बाष्पावर कडक नियंत्रण ठेवण्यात आले. शोध लागल्यापासून माल बाजारात येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. त्या दहा वर्षांचा पगार, प्रयोगशाळेचे भाडे, फुकट गेलेल्या वेफरांची किंमत कोणीतरी कुरकुर न करता सोसली, म्हणून आज तो आरसा चिकटत नाही.

आपल्याकडे अशी सोसण्याची तरतूद आहे काय? डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्यात सूक्ष्मविद्युत्‌यांत्रिक संवेदकांच्या कारखान्यांनाही स्थान दिले, हे योग्यच झाले. 2022 साली वेदांत-फॉक्सकॉनचा प्रस्तावित प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला तोही समजण्याजोगा होता. पण त्या साऱ्या वादात मी जमिनीचे एकर, गुंतवणुकीचे कोटी आणि नोकऱ्यांचे आकडे ऐकले. पृष्ठभागाचे बळ मोजणारी, लेपांचे आयुष्य तपासणारी, चिकटलेल्या तुळयांची कारणमीमांसा करणारी एकही प्रयोगशाळा आपल्या राज्यात असावी, अशी मागणी कोणत्याही व्यासपीठावरून झालेली माझ्या ऐकिवात नाही. इमारत उद्‌घाटनाला दिसते. मोजमाप दिसत नाही. मात्र पवईत घडलेली तुळई आणि स्थानकाच्या दारात सहा पावसाळे टिकणारे साधन यांच्यामध्ये जे अंतर आहे ते मोजमापानेच ओलांडावे लागते. संशोधन-निबंध प्रसिद्ध झाला की अनुदान संपते, आणि नेमके तेथून जे कंटाळवाणे, नावलौकिक न देणारे, शंभरातील किती तुळया का चिकटल्या याची खतावणी ठेवणारे काम सुरू व्हावयाचे असते त्याला कोणत्याच खात्याच्या अंदाजपत्रकात शीर्षक सापडत नाही.

साधनसामग्रीच्या बाबतीत मुंबईची उपनगरे दरिद्री नाहीत. 1973 साली अंधेरीस सीप्झ उभे राहिले ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी. 1984 साली टाटा संस्थेच्या सूक्ष्मतरंग विभागातून निघालेली समीर ही सरकारी संस्था पवईच्याच आवारात नांदते आहे. आणि 2008 पासून पवईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राची दालने देशभरच्या महाविद्यालयांतील संशोधकांना एका खास कार्यक्रमाखाली खुली करण्यात आली, ज्याचा लाभ लहान गावांतील प्राध्यापकांनीही घेतला. हे तिन्ही थोड्याच मैलांच्या परिघात आहेत. त्यांची सांगड घालून, राज्य सरकारने पवई किंवा सीप्झ येथे पृष्ठभाग व विश्वासार्हता यांची एक कायम चाचणीशाळा उभारावी, तिचा खर्च प्रकल्पागणिक न देता निदान दहा वर्षांच्या सनदेने द्यावा, आणि लहान उद्योजकास तिथे माफक शुल्कात आपला माल तपासून घेण्याची मुभा असावी. सेमीकंडक्टर योजनेखाली जो कोणी संवेदकांचा कारखाना सवलत घेईल, त्याने अनुदानाचा एक ठरावीक हिस्सा अशा मोजमापाकडे वळवावा, अशी अट करारनाम्यातच घालावी. हे काम खासगी कंपन्यांनी आपापले करावे असे म्हणणारे भेटतील. परंतु एका कंपनीच्या चिकटलेल्या तुळयांचा धडा दुसरीला कळत नाही, कारण अपयश हे गुपित समजले जाते, आणि त्यामुळे प्रत्येक जण तीच किंमत नव्याने मोजतो. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळेने, मालकाचे नाव झाकून का होईना, अपयशांचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध केला पाहिजे.

आणि या शाळेचा पहिला उपक्रम मुंबईच्या हवेचाच असावा. परदेशांतील चाचण्या आर्द्रतेच्या कोठीत, ठराविक तासांत, तपमान वाढवून उरकल्या जातात. त्या आवश्यक आहेत, पण त्यांत समुद्रावरून येणारे क्षार नसतात, वाहनांच्या धुराचे कण नसतात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत न तुटणारी ओल नसते. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड या चार स्थानकांच्या आवारात रेल्वेच्या परवानगीने संवेदकांच्या पेट्या मेअखेरीस बसवाव्यात. प्रत्येक पेटीत उघड्या हवेशी संबंध असलेल्या आणि हवाबंद केलेल्या अशा दोन्ही तऱ्हांच्या तुळया असाव्यात. आणि दर आठवड्याला त्यांची वारंवारता, त्यांचा पुल-इन व्होल्ट आणि चिकटलेल्यांची संख्या नोंदवून ऑक्टोबरात ती नोंदवही जशीच्या तशी जनतेपुढे ठेवावी. यासाठी लागणारी माणसे पवईत, कालिन्याच्या विद्यापीठात आणि उपनगरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत आजच आहेत. हवा आहे तो मंत्रालयातून निघणारा एक हुकूम, आणि तो येत्या मे महिन्यापूर्वी निघाला तर पुढचा पावसाळा वाया जाणार नाही.